काट्याला फाटक

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, चिंचमाळचे सरपंच माननीय आप्पासो कोळेकर. तालुक्याहून आलेले आणि आल्यापासून घड्याळाकडं न बघण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणारे आरोग्य विभागाचे सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर क्रांती शिंगटे मॅडम. व्यासपीठावर मावलेले मान्यवर, आणि न मावल्यामुळं खाली बसून रागावलेले मान्यवर. सिस्टर, आशाताई, शिक्षकवृंद, आमच्या वाचनालयाचे सभासद, पुस्तकं परत न करणारे सभासद, आणि माझ्या बंधू-भगिनींनो,

मूळ विषयाला हात घालण्याआधी मला या सभेसमोर एक गंभीर तक्रार मांडायची आहे. व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येकाला फेटा बांधायचा, असा ठराव संयोजन समितीनं केला. ठरावाला माझा विरोध नव्हता. डोकं झाकलेलं बरं असतं, हे माझ्याकडं बघून तुमच्याही लक्षात आलं असेल. पण फेटे बांधणाऱ्या सूरजनं माझे दोन्ही कान आत घेतले आहेत. गेला बराच वेळ मी हा समारंभ विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा ऐकतो आहे. पाहुण्यांच्या भाषणात एके ठिकाणी मी मोठ्यानं टाळी वाजवली. नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं, की ते त्या वेळी साथीत गेलेल्यांना श्रद्धांजली वाहत होते. मी पाहुण्यांची क्षमा मागतो आणि दोष सूरजच्या खात्यावर टाकतो. मी त्याला म्हटलं होतं, "गड्या, कान तेवढे बाहेर ठेव." तो म्हणाला, "सर, कान भाईर ठिवलं की फेटा बसत न्हाई. आन् तुमी बोलायला आलायसा नव्हं? ऐकायचं काय काम?" वक्त्याविषयी गावाचं मत इतक्या थोडक्यात मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. असो.

डॉक्टर मॅडम मूळच्या खंडाळ्याच्या. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी महाबळेश्वरच्या बाजूला काढली. तिथं पावसाळ्यात औषधांच्या खोक्यांना बुरशी धरते आणि पेशंटच्या आधी डॉक्टरला खोकला होतो. तिथं त्या पुरेशा भिजल्या, तसं सरकारनं त्यांना आमच्याकडं वाळत घातलं. आल्या दिवशी त्यांनी केंद्राच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं. आत एक पाल होती. त्यांनी गुंडाला, म्हणजे तेव्हाच्या शिपायाला, विचारलं, "पाणी कधी येतं?" गुंडा म्हणाला, "येतंय म्हंत्यात." मॅडम म्हणाल्या, "कोण म्हणतं?" या प्रश्नानं गुंडा गडबडला. आमच्याकडं 'म्हंत्यात' एवढ्यावर पिढ्या निघाल्या आहेत. कोण म्हणतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तोच त्यांचा स्वभाव आहे आणि त्याचा गावाला पुष्कळ त्रास झाला. तुम्ही ताप घेऊन जा. मॅडम तपासणार, गोळ्या देणार आणि म्हणणार, "बहुतेक बरं वाटेल." आता सांगा, 'बहुतेक' ऐकायला कुणी वेशीपासनं केंद्रापर्यंत चालत जातं का? शेजारच्या गावात एक गृहस्थ होते, कुठल्या तरी दवाखान्यात काही दिवस पट्ट्या बांधायला होते म्हणे. ते छातीवर हात ठेवून 'नक्की' म्हणत. त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग असायचा. मॅडमना एकदा मी हे टोचून बोललो. त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत असेल. मला नसतं."

पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल, मी एका साप्ताहिकात सदर लिहितो. साथीच्या दिवसांत मी सरकारी उपायांवर लेख लिहिले, आणि सरकार फार लांब असल्यामुळं त्यात मॅडमचं नाव आलं. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. पुढं लस आली. मी रांगेत उभा राहिलो. टोचायला सिस्टर होत्या. माझा नंबर आला तशा मॅडम आतल्या खोलीतून उठून आल्या आणि म्हणाल्या, "यांना मी देते." लसीच्या दुष्परिणामांविषयी माझ्याकडं जो काही पुरावा आहे तो तेवढाच, आणि तो डाव्या दंडात होता.

लिहायला विषय तरी किती होते! द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून आपण गल्लीगल्लीत फवारणी केली. रोग मेला का, ते ठाऊक नाही. तुळशी मेल्या. ग्रामपंचायतीच्या दारात पत्र्याचा बोगदा उभा केला, त्यातून जाणाऱ्यावर वरून तुषार पडायचे. आपले अध्यक्ष पहिल्या दिवशी उद्घाटनासाठी त्यातून चारदा गेले, कारण फोटो नीट येत नव्हता. आणि मास्क तर आपण सगळ्यांनी लावला. गावात त्या दोन वर्षांत हनुवटीचा एकही आजार झाला नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा वादविवाद. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी दर वर्षी वादविवाद असतो. दोन बाजू, दोन वक्ते आणि एक परीक्षक. परीक्षक मी, कारण बाकी कुणाला वैर घ्यायला वेळ नसतो. या वर्षी मॅडम निवृत्त होणार म्हणून विषय घेतला: साथीत गाव उपायांमुळं वाचलं की आपोआप? उपायांच्या बाजूनं बोलायला धनाजी गुरुजी. विरुद्ध बोलायला बिरदेव.

बिरदेव म्हणजे आपल्या तात्याबांचा मुलगा. पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगतो, आमच्या भागातली शेकडो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. बिरदेवचं दुकान तमिळनाडूत सेलमला आहे. साथीनंतर तो गावात फारसा आलेला नव्हता. आला तरी बहिणीकडं उतरून परत जायचा. त्यामुळं त्यानं आपण होऊन नाव दिलं, तेव्हा आम्हाला नवल वाटलं. ते नवल आम्ही चहाबरोबर गिळलं.

धनाजी गुरुजींनी सुरुवात झोकात केली. म्हणाले, पहिल्या लाटेत चिंचमाळात जेमतेम दोघं-तिघं आजारी सापडली, ती नियम पाळले म्हणून. बिरदेव म्हणाला, "गुर्जी, सापडली न्हाईत, कारण हुडकाय कुणी गेलं न्हाई." लोक हसले. गुरुजींनी मास्क काढला, म्हणजे मुद्दा काढला. बिरदेव म्हणाला, मास्क लावून तुम्ही एकाच पेल्यात तंबाखू मळत होता. गुरुजी म्हणाले, पेला नव्हे, तळहात. असा तो वाद चांगल्या पातळीवर चालला होता. शेजारच्या वाडीचंही उदाहरण आलं. त्या वाडीनं काहीच केलं नाही, रस्ता उघडा, देऊळ उघडं, तरी तिथंही माणसं आपल्याइतकीच आजारी पडली. गुरुजी म्हणाले, वाडी लहान आहे. बिरदेव म्हणाला, रोगाला ते कुणी सांगितलं? मॅडम पहिल्या रांगेत बसून दोघांच्याही मुद्द्यांना सारखीच मान हलवत होत्या. परीक्षकाला याचा फार त्रास होतो.

मग गुरुजींनी हुकमी पत्ता टाकला. म्हणाले, "काही असो, वेशीवरचा काटा तरी मान्य करशील का न्हाई? काट्यानं गाव राखलं."

सभेतल्या माना तिसऱ्या रांगेत बसलेल्या तात्याबांकडं वळल्या. गुरुजींच्याही लक्षात आलं, पण तोंडातून गेलेला शब्द आणि रानात गेलेलं मेंढरू लगेच माघारी येत नाही.

पाहुण्यांना तो काटा समजावा म्हणून मला जरा मागं जावं लागेल. गावकऱ्यांनी थोडं सोसून घ्यावं.

टाळेबंदी लागली तेव्हा गावोगाव लोकांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. तुम्ही पाहिल्या असतील. बहुतेक गावांचा काटा हा नुसता दिखाऊ होता. मोटरसायकलवाला उतरून तो पायानं बाजूला सारायचा आणि परत जागेवर ठेवायचा. शिस्त म्हणून. चिंचमाळचा काटा तसला नव्हता, कारण तो तात्याबांनी घातला. तात्याबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रात्रीला जिथं मेंढरं बसतील तिथं लांडग्याच्या भयानं भोवती काट्याचं कुंपण करायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. ग्रामदक्षता समितीनं त्यांना काम सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून केलं. बुंधे आत, शेंडे बाहेर, फांदीत फांदी अडकवून, वर दगड. छातीएवढा उंच. मॅडमनी ते पाहिलं आणि सरपंचांना सांगितलं, की मुळात मी काटा मागितलेला नाही, पण घालणारच असाल तर गाडी जाईल एवढं फाटक ठेवा. सरपंचांनी निरोप पोचवला. तात्याबा म्हणाले, "फट ठिवली की लांडगा तीच हुडकतो." काट्याच्या बाबतीत तात्याबांशी कोण वाद घालणार? सरपंच माघारी आले. निरोप पोचवणं हे सरपंचांचं काम आहे, तो पाळला जाणं हे नाही, हे मी अध्यक्षांच्या परवानगीनं नमूद करतो.

आषाढात बिरदेव सेलमहून आला. नियमाप्रमाणं त्याला मराठी शाळेत ठेवलं, बाहेरून आलेल्या आणखी काही जणांबरोबर. आई रोज शाळेच्या गेटापर्यंत भाकरी घेऊन जायची, गेटाच्या खांबावर ठेवायची आणि लांब उभी राहून तो खातो का ते बघायची. मनुबाई त्यांचं नाव. आणि एका दुपारी जेवणं झाल्यावर मनुबाईंच्या छातीत कळ आली.

मॅडम घरी पोचल्या, जे करायचं ते केलं आणि गाडी बोलावली. गाडी आली. आली ती काट्यापलीकडं थांबली.

बिरदेव शाळेच्या गच्चीवर होता. त्याला तिथून गाडीच्या टपावरचा दिवा दिसत होता, आणि काट्याला झटणारे आपले आबा. तात्याबांनी तो कुणाला मोकळा करू दिला नाही, कारण कुठली फांदी आधी ओढायची ते त्यांनाच ठाऊक होतं. कोयता, हात, जे मिळेल त्यानं. काटा त्यांनी चांगला घातला होता. चांगला घातलेला काटा लवकर निघत नाही. गाडी शेवटी आत आली, मनुबाईंना घेऊन गेली आणि कवठे महांकाळच्या वाटेवरूनच माघारी वळली.

अंत्ययात्रेला बिरदेवला सोडावं, म्हणून अख्खं गाव मॅडमकडं गेलं. मीही गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, त्याला सोडलं तर शाळेतल्या बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवू? आम्ही त्यांना काय काय बोललो ते आता सांगत नाही, समारंभाला शोभणार नाही. मग त्यांनीच विचारलं, तिरडी वाटेत कुठं टेकता? आम्ही सांगितलं, चावडीपुढच्या विसाव्याच्या दगडावर. त्या म्हणाल्या, आज शाळेच्या गेटासमोर टेका. जुनी माणसं म्हणाली, विसावा हलवत नसतात. मॅडम म्हणाल्या, "मग मीच दगड उचलून नेते." आणि खरंच वाकल्या. तेव्हा चार जणांनी दगड नेला. तिरडी गेटासमोर टेकली, बिरदेवनं गेटाच्या आतून आईला पाणी सोडलं, बाहेर खांदेकऱ्यांनी बाजू बदलल्या आणि यात्रा पुढं गेली.

तो दगड आजही तिथंच आहे. एकदा हलला तो हलला, परत हलवायचा नाही, असं आता जुनी माणसं म्हणतात. मुख्याध्यापकांनी अर्ज केलेत, की तिरडी आली की पोरं पाढे विसरतात. गावानं मास्क सोडला, साबण सोडला, अंतर सोडलं. साथीतला एवढा एकच उपाय चिंचमाळ अजून पाळतं.

दुसऱ्या वर्षी परत साथ उसळली. काट्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. एक दिवस तात्याबा केंद्रात गेले आणि मॅडमना विचारलं, "गाडी किती रुंद असती?" मॅडमनी मापं सांगितली नाहीत. केंद्राची गाडीच वेशीवर पाठवली. तात्याबांनी ती उभी केली, दोन्ही अंगाला दोन-दोन हात मोकळे सोडले आणि मग काटा घातला. मध्ये आडवा वासा, एका टोकाला दगड बांधलेला, की एका हातानं वर जावा. आणि त्या वाशाशेजारी घोंगडं टाकून ते स्वतः बसले. सकाळपासनं दिवस मावळेपर्यंत, आणि जेवायला गेले तर शेजारच्या बाळासोला बसवून. आजाऱ्याची गाडी लांबून दिसली की वासा वर. थांबवून विचारणं नाही, ओळख पटवणं नाही. पूजा इथं बसली आहे. तिची बाळंतपणाची वेळ अवघडली तेव्हा गाडी त्या फाटकातून न थांबता गेली. आता तिची लेक बालवाडीत आहे आणि मघाशी स्वागतगीतात चुकत होती ती तीच. पण म्हणून दुसऱ्या लाटेनं गाव सोडलं नाही. माणसं गेलीच. ती कोण, ते या मांडवात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर वादविवादात गुरुजींनी काट्याचा विषय काढला, आणि बिरदेव उत्तराला उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आबानं काटा घातला. आईसाठी आलेली गाडी काट्यापल्याड थांबली. गुर्जी, ह्यो उपाय कामाला आलेल्यात धरू का वाया गेलेल्यात, तेवढं सांगा. मी खाली बसतो."

आणि बसला.

आता परीक्षकानं काय करायचं? मी घंटेवर हात ठेवला होता, पण घंटा वाजवायला तो वेळेच्या आत बसला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तात्याबा उठले. काठी टेकून उभे राहिले. ते बिरदेवकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. मॅडमकडं बघून म्हणाले, "मॅडम, काटा कामाला आला का न्हाई?"

मागून दोघं-चौघं एकदम म्हणाले, आला की आबा, काट्यानंच गाव वाचलं. तात्याबा म्हणाले, "तुमी नगा बोलू. तुमी पयल्यापास्नं व्हय म्हणतायसा. ह्यास्नी इचारतुय. ह्या एकदा बी व्हय म्हणल्या न्हाईत."

ही गोष्ट खरी होती. रक्तदाब तपासायला गेले की तात्याबा दर वेळी हेच विचारत, आणि मॅडम दर वेळी म्हणत, सांगता येत नाही. गावाचा त्यांच्यावर यावरून राग होता. एका म्हाताऱ्याला 'हो' म्हणायला या बाईचं काय जातं? अध्यक्षांनी त्या दिवशीही पुढं वाकून हळूच म्हटलं, "मॅडम, म्हणा की हो. काय जातंय."

मॅडम उठल्या. म्हणाल्या, "जातं, सरपंच. मी हो म्हटलं तर पुढच्या साथीला परत असाच काटा पडेल, फट न ठेवता. नाही म्हटलं तर पुढच्या साथीला कुणी काहीच करणार नाही. आणि खरं काय ते मला माहीत नाही." मग तात्याबांकडं वळून म्हणाल्या, "तात्याबा, तुमच्या काट्यानं रोग अडला का, हे मला सांगता येत नाही. अडला असेल. काटा नसलेल्या वाडीतही तेवढीच माणसं आजारी पडली, त्यामुळं नसेलही अडला. आणि बिरदेव, तूही ऐक. गाडी वेळेत आत आली असती तर आई वाचली असती का, हेही मला सांगता येत नाही. कळ मोठी होती. वाचल्या असत्या, नसत्या. यातलं काहीही नक्की सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडून औषध घेऊ नका."

तात्याबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई."

"नाही."

"खरंच ठावं न्हाई."

"खरंच नाही, तात्याबा."

"मला वाटत हुतं," तात्याबा म्हणाले, "तुमाला ठावं हाय. आन् माझी कीव करून तुमी सांगत न्हाईसा."

मंडळी, पाच वर्षं आम्ही सगळे त्या म्हाताऱ्याला प्रेमानं 'हो, हो' म्हणत होतो आणि आमच्या प्रत्येक 'हो'नं त्याची खात्री वाढत होती, की खरं उत्तर 'नाही' आहे. एकटी एक बाई खरं सांगत होती, आणि तिच्या खऱ्याचाही त्यानं तोच अर्थ घेतला होता. कारण डॉक्टरला एखादी गोष्ट माहीत नसते आणि ती तसं सांगते, हे आम्ही कुणीच त्याला कधी खरं वाटू दिलं नव्हतं.

तात्याबा खाली बसले. बिरदेव विरुद्ध बाजूच्या खुर्चीवरून उठला, तिसऱ्या रांगेत गेला आणि आबांच्या शेजारी बसला. वक्त्यानं निकालाआधी जागा सोडणं आमच्या नियमात बसत नाही. परीक्षकानं त्या वेळी चष्मा पुसायला घेतला. बसल्यावर तो आबांना काही बोलला का? मला दिसलं नाही. एवढं दिसलं, की मघाशी उभं राहताना घसरलेलं आबांचं घोंगडं त्यानं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवशी तो बहिणीकडं न उतरता घरी गेला, असं म्हणतात. कोण म्हणतं? मॅडम, बिरदेवची बहीण मंगल म्हणते. मी विचारून घेतलं आहे.

आता या सत्कारात मी मॅडमची स्तुती काय करावी? साथीतल्या उपायांचा किती उपयोग झाला, यावर मोठमोठी माणसं मोठमोठ्या सभागृहांत अजून भांडत आहेत. त्यांना भांडू द्यावं. भांडणं गरजेचं आहे. एवढंच, की भांडणाऱ्याला कुणाची तरी मनुबाई गेली आहे, हे भान असावं; आणि ज्याची मनुबाई गेली आहे त्याला खोटं सांगू नये. मॅडमनी ही दोन्ही पथ्यं पाळली. 'बहुतेक' म्हणणारा डॉक्टर ही फार महागाची वस्तू आहे, हे गावाला त्या निघताना कळतं आहे. त्या खंडाळ्याला जाणार. तिथल्या लोकांनी त्यांच्याकडं सल्ला मागायला जावं आणि 'नक्की' ऐकायची सवय मोडून घ्यावी. नवीन येणाऱ्या डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे: टाकीचं झाकण उघडून बघा.

वेळ झाली आहे. पाहुण्यांनी हार मानून एकदा घड्याळाकडं बघितलं, ते मी पाहिलं. या समारंभासाठी मांडव, माईक, जेवण, फेटे असं ज्यांनी ज्यांनी केलं त्यांचे वाचनालयाच्या वतीनं आभार. मॅडम, तुमच्याविषयी पूर्वी लिहिलं त्यातलं जे खरं होतं ते तसंच राहू द्या, आणि आज बोललो त्यात काही जास्त झालं असेल, कुणाचं दुःख मी परवानगीवाचून मांडवात आणलं असेल, सरपंचांना दोनदा टोचलं ते तीनदा झालं असेल, तर बोलण्याच्या ओघात झालं असं समजून पोटात घालावं.

एक काम राहिलं. वादविवादात जिंकणाऱ्या बाजूला वाचनालयाकडून नारळ द्यायची रीत आहे. त्या दिवशी मी निकाल राखून ठेवला, आणि त्यामुळं तो नारळ माझ्याकडंच राहिला. तो मी आज पिशवीतून आणला आहे. निकाल असा: काट्यानं गाव वाचलं की नाही, हे परीक्षकाला ठरवता आलं नाही आणि यापुढंही येणार नाही. फाटकाविषयी परीक्षकाला शंका नाही.

मी आता खाली उतरतो आहे. वाटेत तिसरी रांग लागते, तात्याबा आणि बिरदेव आजही तिथंच बसलेत, तिथं जरा थांबेन. टाळ्या वाजवू नयेत, त्यांना आवडायचं नाही. नारळ फोडायचा की ठेवायचा, ते बापलेकांनी घरी जाऊन ठरवावं.

नमस्कार.